तिच्या नावाचं दूध

काट्यावर चढण्याआधी मुलीनं चपला काढल्या, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि खांद्यावरची बॅग बापाच्या हातात दिली. काट्यावरचा आकडा थोडा हलला आणि थांबला. आहार सांगणाऱ्या बाईंनी तो कागदावर लिहिला, मागचं पान उलटून पाहिलं आणि पुन्हा काट्याकडे पाहिलं.

"तीन आठवड्यांत दोनशे ग्रॅमच वाढलंय," त्या म्हणाल्या. "सातव्या महिन्यात हे कमी आहे. जेवताय ना?"

"जेवते की."

"काय काय?"

"तुम्ही लिहून दिलंय तेच."

सकाळचं अर्धं अंडं बशीत तसंच राहिलं होतं. टाकून देववेना म्हणून ते बापानंच खाल्लं होतं.

मुलगी उतरून खुर्चीवर बसली. तिचं वय छत्तीस. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि हे पहिलंच. रक्तदाबाची गोळी तिला तिसाव्या वर्षापासून चालू होती, आता पाचव्या महिन्यात साखर निघाली होती. नवरा जहाजावर, सुटायला अजून दहा आठवडे. म्हणून ती बापाकडे राहायला आली होती, आणि म्हणूनच बायकांच्या या खोलीत तो एकटा पुरुष बॅग धरून बसला होता.

बाईंनी दुसरा एक कागद पुढे ओढला. "हे तुमचं स्वतःचं आहे, बाळाचं नाही. तुमचं जन्माच्या वेळचं वजन माहीत आहे?"

मुलीनं बापाकडे पाहिलं.

"एक किलो नऊशे," तो म्हणाला. "दिवस पुरे भरले होते. तरी एवढीशीच." त्यानं दोन्ही तळवे समोरासमोर धरून दाखवले. मग त्याचं त्यालाच अवघडल्यासारखं झालं आणि हात पुन्हा बॅगेवर गेले.

"आणि यांच्या आईचं खाणंपिणं? गरोदर असताना?"

"उत्तम." या प्रश्नाला त्याला विचार करावा लागला नाही. "रोज अर्धा लिटर दूध यायचं घरी. फक्त तिच्या नावाचं. मी स्वतः लावलं होतं. आठवड्याला सहा अंडी. मी त्याला हात लावत नव्हतो."

"तुम्ही दूध घेत नव्हता?"

"मला कारखान्यात मिळायचं. काचेच्या कारखान्यात होतो, भट्टीवर. भट्टीच्या माणसाला रोज दोन पेले दूध. तिथंच प्यायचं."

बाईंनी लिहिलं. लिहिता लिहिता त्यांचं पेन अडखळलं.

"दिवस भरून मूल एवढं लहान निघालं, तर बरेचदा त्याला पोटात कमी मिळालेलं असतं," त्या म्हणाल्या. "मग ते शरीर थोडक्यात भागवायला शिकतं. बाहेर आल्यावर भरपूर मिळायला लागलं की ते त्याला झेपत नाही. वीस-तीस वर्षांनी साखर, रक्तदाब असं काहीबाही निघतं. सगळ्यांचंच असं होतं असं नाही, कारणं पुष्कळ असतात. आता तुमच्या आईला सगळं मिळत होतं म्हणता, म्हणजे तुमचं काही वेगळं असेल."

"वेगळं काय?" मुलीनं विचारलं.

"ते नाही सांगता येत हो. आणि दोष कुणाचा, हे बघायला आम्ही विचारत नाही. पुढं काळजी कशी घ्यायची त्यासाठी विचारतो." बाईंनी पेन बंद केलं. "तुमची साखर आटोक्यात आहे. जरा जास्तच आटोक्यात आहे. आकडा चांगला यावा म्हणून जेवण तोडायचं नाही. बाळ जरा लहान वाटतंय. दोन आठवड्यांनी वजन असंच राहिलं, तर दाखल करून घेऊ."

खाली उतरताना मुलगी पुढे होती. रस्त्यावर आल्यावर तिनं बॅग मागून घेतली.

"सहा अंडी," ती म्हणाली.

"काय?"

"आठवड्याला सहा अंडी आणि रोज अर्धा लिटर दूध. एवढं करून एक किलो नऊशे. म्हणजे मीच तशी."

"तशी म्हणजे कशी?"

"बिघडलेली." ती हसली, पण ते हसू पुरतं उमटलं नाही. "आणि नंतर आईनं बाकीचं पुरं केलं. आयुष्यभर ताट घेऊन माझ्या मागे धावली. शाळेच्या फाटकापर्यंत यायची, आठवतंय? हातात वाटी. सगळ्या पोरी बघायच्या. मला म्हणायच्या, तुझी खानावळ आली."

"तू लहानखुरी होतीस गं. तिला भीती वाटायची."

"कसली?"

ते त्यानं बायकोला कधी विचारलं नव्हतं.

"कोंबून कोंबून घातलं मला," मुलगी म्हणाली. "पोटात असताना घातलं, बाहेर आल्यावर घातलं. झाला का उपयोग? मग आता तुम्ही मला खा खा करू नका, बाबा. एवढी कृपा करा."

बस आली. त्यानं तिला आधी चढू दिलं.

*

बायको गेली त्याला चौदा महिने झाले होते. स्वयंपाक तो त्यानंतर शिकला, साठी उलटून गेल्यावर. भात, भाजी, अंडं, मासा, असं मोजकंच यायचं. पण बाईंनी दिलेला कागद त्यानं ओट्यावरच्या फळीला चिकटवला होता आणि त्यात लिहिलेलं तो वेळेवर करायचा. भट्टीवर पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला वेळ पाळायला सांगावी लागत नाही. सकाळी आठ, साडेदहा, एक, चार, आठ. ताट समोर ठेवलं की त्याचं काम संपायचं आणि खरी अडचण तिथूनच सुरू व्हायची.

मुलगी बोट टोचायची, यंत्रावरचा आकडा बघायची आणि वहीत लिहायची. शाळेतली गुणपत्रिका लिहावी तशा सुबक अक्षरात. मग अर्धा भात खायची आणि ताट दोन बोटांनी हळूच पुढे सरकवायची.

"अजून दोन घास."

"आकडा छान येतोय, बाबा. कशाला बिघडवू?"

"बाई काय म्हणाल्या?"

"बाईंना काय. साखर वाढली की त्याच ओरडतील."

बायकोकडे दहा तऱ्हा होत्या. ती गोष्ट सांगायची, लाच द्यायची, धमकी द्यायची, रुसायची, तासभर गप्प बसून राहायची आणि शेवटी घास तोंडात जायचाच. त्याला फक्त 'खा' एवढंच यायचं. तेही कारखान्यात हुकूम दिल्यासारखं यायचं आणि त्याला ते स्वतःलाच ऐकवायचं नाही. मग तो ताट उचलायचा आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या उरलेलं खाऊन टाकायचा. महिन्याभरात त्याचा पट्टा एक भोक पुढे गेला होता.

दवाखान्यातून आल्यावर पाचव्या दिवशी दुपारी ती दुकानातून यायची वेळ टळली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम तिचं, ते अजून अर्धा दिवस चालू होतं. तो दार उघडून जिन्यात आला, तर पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर ती बसलेली. बॅग मांडीवर, कपाळ कठड्याला टेकवलेलं.

"काय झालं?"

"काही नाही. जरा बसलेय."

"चक्कर?"

"बसलेय म्हटलं ना. तुम्ही व्हा पुढे."

तो पुढे झाला नाही. दोन पायऱ्या खाली उतरला, पण तिच्या शेजारी बसायला जागा नव्हती, म्हणून उभाच राहिला. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. बऱ्याच वेळानं ती उठली तेव्हा त्यानं हात पुढे केला, आणि तिनं तो धरला. एरवी तिनं धरला नसता.

तिला झोपवून, शेजारच्या बाईंना लक्ष ठेवायला सांगून तो बाहेर पडला. तिला खायला लावणं हे काम एखाद्या बाईमाणसाचं आहे, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. आई असती तर तिनं केलं असतं. आई नाही, तर आईच्या जागची कोणीतरी.

*

"या, हेडसाहेब!"

दारातच शिट्टीनं दोन्ही हात वर केले. "घ्या झडती. आज काही नाही सापडायचं."

शिट्टी म्हणजे भट्टीवरचा त्याचा सोबती. पुढचा एक दात लवकर पडला, त्यामुळे फुंकणीतून काच फुगवताना फटीतून शीळ वाजायची. तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. कारखान्याच्या चाळीत दोघांच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या. आणि हात वर करून झडती देण्याचा हा विनोद छत्तीस वर्षं जुना होता.

त्या वर्षी भट्टीवरचा एक माणूस भोवळ येऊन पडला होता. पडता पडता त्याचा हात लालबुंद फुंकणीवर गेला, कोपरापर्यंत कातडी सोलली. चौकशी झाली तेव्हा कळलं, त्याला मिळणारं दूध तो कैक महिने बाटलीत भरून पोरांसाठी घरी नेत होता आणि स्वतः रिकाम्या पोटी भट्टीसमोर उभा राहत होता. कारखान्याच्या डॉक्टरनं फर्मान काढलं. दूध भट्टीखात्यातच प्यायचं, हेडच्या डोळ्यांदेखत. भट्टीखात्याचा हेड म्हणून बापाला नुकतंच नेमलेलं. तो रोज सगळ्यांच्या आधी उभं राहून आपले दोन पेले संपवायचा, मग बाकीच्यांचे संपवून घ्यायचा, आणि पाळी सुटताना फाटकाशी पिशव्या तपासायचा.

शिट्टीच्या पिशवीत काही नव्हतं. शर्टाखाली पोटाला बांधलेली शेकायची रबरी पिशवी होती, तिच्यात दूध. हेडनं ते त्याला तिथंच सगळ्यांसमोर प्यायला लावलं होतं. मंडळी पोट धरधरून हसली होती. शिट्टीही नंतर हसला.

"रबराचं दूध प्यायलेला पंचक्रोशीत मी एकटाच," तो अजून सांगायचा. आजही सांगितलं. "चव काय सांगू तुला. सायकलची ट्यूब चाटल्यासारखी."

शिट्टीची बायको चहा घेऊन आली. "पुरे हो. किती वेळा तेच तेच."

"वहिनी, तुमच्याकडेच काम आहे," तो म्हणाला आणि त्यानं सगळं सांगितलं. काट्यावरचे दोनशे ग्रॅम, अर्धवट टाकलेला भात, जिन्यातली पायरी. बोलण्याची सवय मोडलेली असल्यामुळे मागचं पुढं होत होतं, पण वहिनींनी मध्ये एकदाही विचारलं नाही. "ती म्हणते, आईनं पोटात असताना एवढं दूध-अंडी खाल्ली तरी मी एवढीशी निघाले, मग खाऊन होतं काय. तुम्ही येऊन जरा समजवा. तुमचं ऐकेल. तिची आई आणि तुम्ही बरोबरीनंच गरोदर होता. तेव्हाचं तुम्हाला माहीत आहे."

वहिनींनी पुढ्यातली बशी कपावर झाकण घातल्यासारखी पालथी ठेवली.

"मी नाही येणार, भावोजी."

"का?"

"मला तिच्यासमोर बसून असलं बोलता यायचं नाही."

"अगं, पोरगी आपली आहे," शिट्टी म्हणाला. "जरा दोन गोष्टी सांगितल्यास तर..."

"तुम्ही थांबा हो जरा." वहिनी हेडकडेच बघत होत्या. "ते दूध तिनं प्यायलं नाही, भावोजी."

"कोणतं?"

"तिच्या नावाचं. तुम्ही लावलेलं."

त्यानं मान हलवली. नकारार्थी. मग म्हणाला, "मी रोज विचारायचो तिला. पाळीवरून आलो की. ती मला विचारायची, दूध प्यायलात ना? मी म्हणायचो, हो. आणि तू? ती म्हणायची, हो की."

"म्हणायचीच. शेजारी मला ऐकू यायचं." वहिनींनी एकदा दाराकडे बघितलं, कुणी येतंय का म्हणून, आणि मग त्या भराभर बोलायला लागल्या. "ह्यांची ती झडती झाली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली. शालीखाली पातेली. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, आमच्या ह्यांनी तुझं दूध तोडलं, ते मी भरून देणार. मी नको नको म्हटलं. माझी त्याआधी दोन गेली होती, तुम्हाला माहीत आहे. ती म्हणाली, हे तिसरं राहायलाच हवं. मी म्हटलं, अगं, तुझ्याही पोटात आहे. तर हसली. म्हणाली, आमच्याकडे दोन दुधं येतात, एक ह्यांचं, एक माझं. ह्यांचं कारखान्यात होतं, मग ते मी पिते."

"दोन येत नव्हती."

"आता कळतं ते. तेव्हा मी म्हटलं, हेडचं घर आहे, येत असतील. पोटात भूक असली की माणूस असलं पटकन मानतं."

"किती दिवस?"

"साडेचार महिने. दूधवाला जिना उतरला की दहा मिनिटांत यायची. अंडीसुद्धा."

शिट्टी खुर्चीवर पुढे सरकला. "मला तर तू म्हणाली होतीस, दवाखान्यातून देतात."

"मग? तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत कधी?"

शिट्टी मागे टेकला.

"तुमची मुलगी झाली तेव्हा बघायला आले," वहिनी म्हणाल्या. आता त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "माझा महिन्याचा झाला होता, हातांत मावत नव्हता. आणि ही एवढीशी, कापसात गुंडाळलेली. मला तिथंच सगळं लक्षात आलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. बोलू नकोस म्हणून. नाही बोलले. ती गेली त्या दिवशी तुमच्या घरात बसले होते दिवसभर, तेव्हाही नाही बोलले."

त्यानं कप उचलला. चहा गार झाला होता, तरी त्यानं तो शेवटपर्यंत प्यायला आणि कप जपून बशीत ठेवला. ती काय खायची, हे तो आठवून बघत होता. भट्टीचं तापमान आठवत होतं, कुठल्या वर्षी कुठली वीट बदलली ते आठवत होतं. पाळी गाठायची म्हणून तो आधी जेवायचा, ती वाढायची. तिचं ताट त्याला आठवेना. ते ताट त्यानं पाहिलंच नव्हतं.

"मुलगा कसा आहे?" त्यानं विचारलं.

वहिनींना कळेना. "कोणाचा?"

"तुमचा."

"बरा आहे. बंदरावर क्रेन चालवतो ना."

"तब्येत? साखर वगैरे काही?"

"नाही हो." वहिनींनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "काही नाही. रेड्यासारखा आहे."

निघताना शिट्टी त्याच्याबरोबर खालपर्यंत आला. फाटकाशी दोघं थोडा वेळ उभे राहिले.

"तू नियमानंच केलंस," शिट्टी म्हणाला. "कोणी काही म्हणणार नाही."

"हो," तो म्हणाला.

*

चालत घरी यायला पाऊण तास लागला. बसच्या दोन थांब्यांवर तो थांबला आणि बस आली तेव्हा चढला नाही. मुलीला सांगितलं तर ती म्हणेल, आईनं माझं दुसऱ्याला दिलं. नाही सांगितलं तर ताट पुढे सरकवत राहील आणि तिकडे पोटातलं... पुढचा विचार त्यानं केला नाही. मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही. त्याच्या वतीनं बोलणारा तो एकटाच उरला होता, आणि बोलायचं कुठून सुरू करावं हे घर येईपर्यंत त्याला सुचलं नव्हतं.

मुलगी उठून बसली होती. संध्याकाळची उन्हं फरशीवर आली होती. त्यानं दुपारचा भात, उकडलेली अंडी आणि भाजी दोन ताटांत वाढली, ताटं टेबलावर ठेवली आणि समोर बसला. तिनं सवयीनं यंत्र हातात घेतलं.

"ते जरा थांबव," तो म्हणाला. "बाईंना मी चुकीचं सांगितलं."

"काय?"

"आईनं ते दूध प्यायलं नव्हतं. अंडीही खाल्ली नव्हती."

यंत्र तिच्या हातात तसंच राहिलं.

त्यानं सांगितलं. सुरुवात त्यानं फाटकापासून केली. शर्टाखालची रबरी पिशवी आधी, शालीखालची पातेली नंतर. सगळ्यांसमोर स्वतः रोज कसे दोन पेले संपवायचा तेही सांगितलं, ते कुणी विचारलं नसताना.

"तिनं दिलं," मुलगी म्हणाली. "स्वतः नेऊन दिलं."

"दिलं. तिला द्यावं लागलं ते माझ्यामुळे."

"तुम्ही तुमचं आणलं असतं घरी तर?"

"नियम होता."

"नियम होता ते कळलं मला. आणलं असतं तर?"

तो म्हणाला, "आणायला हवं होतं."

मुलीनं यंत्र टेबलावर ठेवलं. खिडकीकडे बघत राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती.

"फाटकाशी यायची ना, वाटी घेऊन," ती म्हणाली. "एकदा मी ती वाटी पाडली. मुद्दाम. सगळ्यांसमोर. तिनं खाली बसून सगळं भरलं, रुमालानं फरशी पुसली आणि गेली. ओरडली नाही की काही नाही. मला तेव्हा तिचा इतका राग आला होता, की ही ओरडत का नाही."

त्यानं तिच्या ताटाशेजारचा चमचा सरळ केला.

"ते वाटीचं तुम्हाला सांगितलं होतं तिनं?"

"नाही."

"काहीच सांगायची नाही का हो ती तुम्हाला?"

"मी विचारायचो," तो म्हणाला. "ती हो म्हणायची."

खालची गाडी एकदाची सुरू झाली आणि निघून गेली. मुलीनं पोटावर हात ठेवला, जागा बदलून पुन्हा ठेवला.

"त्या काकूंचा मुलगा," तिनं विचारलं. "तो कसा आहे?"

"बंदरावर क्रेन चालवतो. दारातून वाकून आत यावं लागतं त्याला."

"साखर?"

"नाही. विचारलं मी."

ती यावर काय म्हणणार याची तो वाट बघत होता. काहीही म्हणाली असती तरी त्यानं ऐकून घेतलं असतं.

"बरं झालं," मुलगी म्हणाली. "कुणाच्या तरी अंगी लागलं."

तिच्या आवाजात राग होता की नव्हता, हे त्याला ओळखता आलं नाही. तिनं ताट जवळ ओढलं.

"गार झालाय भात," तो म्हणाला. "गरम करून आणतो."

"राहू दे. बसा तुम्ही."

ती हळूहळू खात होती, पण थांबत नव्हती. अर्धा भात संपला. रोज थांबायची तिथं तिचा चमचा जरासा रेंगाळला आणि पुन्हा ताटात गेला. त्यानं श्वास सोडला तो तिला ऐकू गेला असावा, कारण तिनं वर पाहिलं.

"काय बघताय?"

"काही नाही."

"मग जेवा की तुम्हीपण. तुमचंही गार झालं."

"आधी तुझं होऊ दे," तो म्हणाला.

"नाही." तिनं चमचा ताटात ठेवून दिला, आणि हात मांडीवर घेतले. "आईसारखं नको."

तिनं चमचा पुन्हा उचलावा म्हणून त्यानं घाईघाईनं आपलं ताट पुढ्यात ओढलं.